विश्लेषण : चढाला आखूड, उताराला लांब! माउंटन बाइकचा ‘ट्रॅव्हल ॲडजस्ट’ फोर्क खरेच उपयोगाचा आहे का?

सायकलचा पुढचा शॉकअप चढावर तीन सेंटीमीटरने आखूड करायचा, माथ्यावर पोहोचलो की पुन्हा लांब करायचा आणि बिनधास्त उतरायचे. वीस वर्षांपूर्वी माउंटन बाइकच्या जगात ही सोय मोठी चैन समजली जात होती. आज महागड्या सायकलींवरही ती क्वचित दिसते. असे का झाले? ही सोय फसवी होती की तिची गरजच संपली? आणि जुनी माउंटन बाइक घेताना किंवा आपल्या सायकलला नवा फोर्क बसवताना तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

फोर्कचा ‘ट्रॅव्हल’ म्हणजे काय?

सायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये बसवलेले असते तो फोर्क. माउंटन बाइकमध्ये या पायांत मोटारसायकलप्रमाणे शॉकॲब्सॉर्बर असतो. दगडावर चाक आदळले की फोर्क आत दबतो आणि पुन्हा बाहेर येतो. तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो, त्या अंतराला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात.

चढ-उताराच्या लांब शर्यतींसाठीच्या ‘क्रॉस कंट्री’ सायकलींना साधारण १०० ते १२० मिमी, रोजच्या डोंगरवाटांसाठीच्या ‘ट्रेल’ सायकलींना १३० ते १५० मिमी, ‘एन्ड्युरो’ सायकलींना १५० ते १८० मिमी आणि केवळ उतारासाठी बनलेल्या ‘डाउनहिल’ सायकलींना २०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल असतो. ट्रॅव्हल जितका जास्त, तितके मोठे दगड आणि खड्डे सायकल पचवते. मात्र ट्रॅव्हल वाढला की फोर्कची एकूण उंचीही वाढते आणि सायकलचे तोंड वर उचलले जाते. उतारावर हे हवेच असते. चढावर मात्र तेच नडते.

हा पेच आला कुठून?

माउंटन बाइकचा जन्मच उतारावरचा. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटण्याची ‘रिपॅक’ ही शर्यत सुरू केली. उतरताना मागचा ब्रेक इतका तापे, की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. ‘रॉकशॉक्स’ कंपनीची स्थापना १९८९ मध्ये झाली आणि तिचा ‘आरएस-१’ फोर्क बाजारात आला, तेव्हा त्याचा ट्रॅव्हल जेमतेम ५० मिमी होता. अमेरिकेतील ड्युरँगो येथे १९९० मध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने याच फोर्कवर डाउनहिलचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर सस्पेन्शनला नाके मुरडणारे गप्प झाले.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ट्रॅव्हल दुप्पट-तिप्पट झाला. सायकलस्वाराला मात्र डोंगर आधी चढायचा होता आणि मग उतरायचा होता. प्रत्येकाच्या मदतीला रोपवे किंवा जीप नसते. चढासाठी एक आणि उतारासाठी दुसरी, अशा दोन सायकली घेणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. एकाच सायकलने दोन्ही कामे करावीत, या हट्टातून ट्रॅव्हल कमी-जास्त करता येणारा फोर्क आला.

लांब फोर्क चढावर का नडतो?

समजा, रस्त्याचा चढ २० टक्के आहे. म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २० मीटर उंची वाढते. कोनात सांगायचे तर हा सुमारे ११ अंशांचा चढ झाला. सायकलही तेवढीच मागे कलते. सीटचा दांडा सपाटीवर जमिनीशी ७३ अंशांचा कोन करत असेल, तर या चढावर तो क्षितिजाच्या तुलनेत ६२ अंशांपर्यंत मागे झुकतो. स्वाराचे वजन मागच्या चाकावर जाते. सायकलला मागेही शॉकॲब्सॉर्बर असेल तर तो आणखी दबतो. पुढचा फोर्क त्याच वेळी वजन कमी झाल्यामुळे वर येतो. एक बाजू खाली, दुसरी वर. त्यामुळे चढ आहे त्याहून अधिक वाटतो.

परिणाम ओळखीचा आहे. पुढचे चाक हलके होते, हँडल डावीकडे-उजवीकडे भरकटते, वळणावर सायकल हव्या त्या रेषेत राहत नाही. पेडलवर जोर दिला की पुढचे चाक चक्क उचलले जाते. मग स्वार सीटच्या अगदी टोकावर सरकतो, छाती हँडलकडे झुकवतो आणि कंबर धरून बसतो. दहा मिनिटे हे जमते. तासभराच्या चढावर पाठ बोलू लागते.

मोटारसायकलच्या शर्यतींतही हीच अडचण येते. मोटोक्रॉसमध्ये सुरुवातीला पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून फोर्क दाबून अडकवून ठेवणारे ‘होलशॉट’ उपकरण वापरतात. सायकलवाल्यांनीही एके काळी फोर्क पट्ट्याने बांधून चढ चढण्याची युक्ती केली होती. ट्रॅव्हल ॲडजस्ट हे त्याच युक्तीचे सुधारलेले रूप आहे.

फोर्क ३ सेंटीमीटरने आखूड केला तर नेमके काय बदलते?

गणित सोपे आहे. दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १२०० मिमी आणि फोर्कचा कोन ६५ अंश धरू. फोर्क १६० वरून १३० मिमीवर आणला, तर सायकलचा पुढचा भाग साधारण २७ मिमी खाली येतो आणि सारी सायकल सुमारे १.३ अंशाने पुढे कलते. यातून चार गोष्टी घडतात.

एक, सीट पेडलच्या तुलनेत सुमारे दीड सेंटीमीटर पुढे येते. दोन, हँडल खाली येते आणि वजन आपोआप पुढच्या चाकावर पडते. तीन, फोर्कचा कोन उभा होतो, त्यामुळे कमी वेगात हँडल लवकर प्रतिसाद देते. आणि चार, पेडलांचा मधला आस सुमारे एक सेंटीमीटरने जमिनीच्या जवळ येतो. पहिल्या तीन गोष्टी चढावर हव्याशा, चौथी नकोशी. दगडाळ चढावर पेडल दगडाला आपटण्याची शक्यता तिच्यामुळे वाढते.

बसण्याच्या स्थितीपुरते बोलायचे तर २० टक्क्यांचा चढ साडेसतरा टक्क्यांसारखा वाटू लागतो. हा फरक जाणवण्याजोगा आहे. पण पायाला लागणारी ताकद तीच राहते. गुरुत्वाकर्षणाला फोर्कचे बटण कळत नाही. ट्रॅव्हल कमी केल्याने सायकल वेगाने चढते, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. ती अधिक सरळ रेषेत आणि कमी त्रासात चढते, इतकेच.

आतले तंत्र कसे चालते?

कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. रॉकशॉक्सच्या ‘यू-टर्न’ फोर्कमध्ये डाव्या पायावरची मूठ फिरवली की आतली रचना हळूहळू आखूड किंवा लांब होई. हवे तिथे थांबता येई, पण त्यासाठी मूठ अनेकदा फिरवावी लागे. ‘मार्झोकी’च्या ‘ईटीए’ रचनेत एक खटका दाबून फोर्क खाली ढकलला की तो पुन्हा वर येत नसे. चढ चढायला ते उत्तम होते, पण तोवर ट्रॅव्हल अगदी थोडा उरे. ‘फॉक्स’ कंपनीच्या ‘टालास’ फोर्कमध्ये हवेच्या स्प्रिंगसोबत तेल आणि झडपांच्या साहाय्याने ठरावीक टप्प्यांवर ट्रॅव्हल बदलता येई. पुढे रॉकशॉक्सने ‘ड्युअल पोझिशन एअर’ आणली. खटका वळवा, हँडलवर जोर देऊन फोर्क दाबा, १६० चा १३० झाला. परत वळवा, वजन काढा, फोर्क पुन्हा वर.

ही रचना स्प्रिंगच्या पायात असते. धक्का शोषून परत येण्याचा वेग सांभाळणारा ‘डॅम्पर’ दुसऱ्या पायात असतो. ‘लॉकआउट’ ही सोय या दुसऱ्या पायातली. लॉकआउटमध्ये फोर्क आहे त्याच उंचीवर जवळपास घट्ट होतो. तो आखूड होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

इतके सोयीचे, तर मागे का पडले?

पहिले कारण सायकलच्या सांगाड्यात आहे. त्या काळी सीटच्या दांड्याचा कोन साधारण ७३ अंश असे. आजच्या ट्रेल आणि एन्ड्युरो सायकलींत तो ७६ ते ७८ अंशांपर्यंत गेला आहे. वरचे गणित पुन्हा पाहू. फोर्क ३० मिमीने आखूड करून १.३ अंश मिळत होता. सीटचा कोन ७३ वरून ७७ वर नेला, तर तब्बल ४ अंश मिळतात. तेही कुठलाही खटका न दाबता, उताराचा ट्रॅव्हल न गमावता आणि पेडल खाली न आणता. जे काम फोर्क करत होता, ते सांगाड्यानेच तिप्पट करून दाखवले.

दुसरे कारण लांबीचे. आजच्या सायकलींचा पुढचा भाग लांब असतो. चाकांतील अंतर वाढले की पुढचे चाक उचलणे अवघड होते. तिसरे, २९ इंची चाके. मोठे चाक दगडावरून सहज जाते, त्यामुळे चढावरची रेषा कमी बिघडते. चौथे, गिअर. स्रॅम कंपनीने २०१६ मध्ये मागे १० ते ५० दात्यांचा, १२ गिअरचा संच आणला. त्यामुळे तीव्र चढ हलक्या गिअरवर, झटके न देता चढता येऊ लागला. झटका नाही, म्हणून चाक उचलले जाणेही कमी. पाचवे, हँडलवरच्या बटणाने खाली-वर होणारा ‘ड्रॉपर’ सीटपोस्ट. चढावर सीट पूर्ण वर, उतारावर पूर्ण खाली. स्वाराला स्थिती बदलण्यासाठी हात हँडलवरून काढावा लागत नाही.

शेवटचे कारण शर्यतींनी पुढे आणले. एन्ड्युरो वर्ल्ड सीरिज २०१३ मध्ये सुरू झाली. आता ती यूसीआय एन्ड्युरो विश्वचषक म्हणून ओळखली जाते. त्यात उताराच्या टप्प्यांचीच वेळ मोजतात. चढ ठरलेल्या मुदतीत पार केला म्हणजे झाले. साहजिकच खेळाडूंना उतारावर लोण्यासारखा चालणारा फोर्क हवा असतो, चढावरची सोय दुय्यम ठरते.

तंत्रातच काही दोष होते का?

होते. ट्रॅव्हल बदलणाऱ्या रचनेत जास्त सील, जास्त झडपा आणि जास्त भाग लागतात. सील वाढले की घर्षण वाढते. बारीक खडीवर फोर्क तितका मऊ चालत नाही. हवेची स्प्रिंग दोन वेगवेगळ्या लांबींना सारखीच नीट चालवायची, म्हणजे दोन्हीकडे थोडी तडजोड आलीच. याच काळात एका ठरावीक ट्रॅव्हलसाठी बनलेल्या साध्या हवेच्या स्प्रिंग खूप सुधारल्या. शेजारी शेजारी चालवून पाहिल्यावर अनेकांना साधा फोर्कच अधिक मऊ आणि विश्वासाचा वाटला.

दुरुस्तीचाही प्रश्न होता. सील झिजले की फोर्क पूर्ण वर येत नाही किंवा आखूड केलेला राहत नाही. अशा फोर्कचे सुटे भाग आणि ते उघडण्याचा सराव असलेला मेकॅनिक सगळीकडे मिळत नाही.

आणि सर्वांत मोठा धोका विसरण्याचा. माथ्यावर पोहोचून फोटो काढले, पाणी प्यायले, गप्पा झाल्या आणि फोर्क आखूडच ठेवून उतार सुरू केला, तर सायकलचे तोंड खाली, कोन उभा आणि ट्रॅव्हल कमी. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक दाबताच हँडलवरून पुढे फेकले जाण्याची शक्यता यात वाढते. चढ-उतार सतत बदलणाऱ्या वाटेवर तर दर दोन मिनिटांनी खटका फिरवणे कुणालाच जमत नाही.

मग आज ही सोय कुणाच्या कामाची?

ती निरुपयोगी ठरलेली नाही, तिचे क्षेत्र आक्रसले आहे. ज्यांच्याकडे सीटचा कोन ७२-७३ अंशांचा जुना सांगाडा आहे आणि फोर्क १५०-१६० मिमीचा आहे, त्यांना तिचा फायदा आजही जाणवेल. एकच लांबलचक चढ आणि मग एकच लांबलचक उतार अशी भूगोलाची मांडणी असेल, तर दिवसातून दोन-तीनदाच खटका फिरवावा लागतो. आल्प्समध्ये स्वतःच्या पायांवर चढणाऱ्यांत हे फोर्क लोकप्रिय होते, ते यामुळेच. कमी उंचीच्या स्वारांना लांब फोर्कमुळे हँडल फार वर वाटते. त्यांनाही चढावर दिलासा मिळतो.

कमी उपयोग कुणाला? आधुनिक सांगाडा असणाऱ्यांना, १२० मिमी किंवा त्याहून कमी ट्रॅव्हल वापरणाऱ्यांना आणि ज्यांच्या वाटा सतत वर-खाली होतात त्यांना. सह्याद्रीतील बऱ्याच वाटा याच प्रकारच्या आहेत. पठारावरून ओढ्यात, ओढ्यातून पुन्हा टेपावर, मग सोंडेवरून खाली. घाटरस्ता डांबरी असेल तर चढ लांब असला तरी तो क्वचितच इतका तीव्र असतो की पुढचे चाक उचलले जाईल. तिथे साधा लॉकआउट पुरतो.

दुकानात आणि जुन्या सायकलींच्या बाजारात काय पाहावे?

आपल्याकडे सुरुवातीच्या किमतीतील बहुतेक माउंटन बाइकना लोखंडी स्प्रिंगचा, ८० ते १०० मिमीचा फोर्क असतो. त्याच्या एका पायावर एक मूठ असते आणि विक्रेता कधी कधी ‘याने शॉकअप ॲडजस्ट होतो’ असे सांगतो. ही मूठ ‘प्रीलोड’ची असते. ती फिरवल्याने स्प्रिंग आधीपासून थोडी दाबली जाते आणि फोर्क सुरुवातीला कमी बसतो. त्याने ट्रॅव्हल बदलत नाही. दुसऱ्या पायावरचा खटका लॉकआउटचा. तोही ट्रॅव्हल बदलत नाही. खात्री करायची तर सोपा उपाय आहे. फोर्कच्या चकचकीत नळीची दिसणारी लांबी पट्टीने मोजावी, मूठ पूर्ण फिरवावी, फोर्क एकदा दाबून सोडावा आणि पुन्हा मोजावे. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडला तरच तो ट्रॅव्हल ॲडजस्ट.

जुन्या सायकलीवर असा फोर्क असेल तर दोन्ही टप्पे दुकानातच तपासावेत. आखूड केलेला फोर्क दहा मिनिटे तसाच राहतो का, परत पूर्ण वर येतो का, नळीवर ओरखडे आहेत का, तेल पाझरते का, हे पाहावे. त्या मॉडेलचे सील मिळतात का, हे मेकॅनिकला आधी विचारावे. सील मिळत नसतील तर स्वस्तात घेतलेला फोर्क महागात पडतो. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या दर ५० तासांच्या वापरानंतर खालच्या पायांची साफसफाई आणि तेलबदल सुचवतात. पावसाळ्यात लाल चिखलातून सायकल नेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

काही साध्या फोर्कमध्येही ट्रॅव्हल बदलता येतो, पण तो चालता चालता नव्हे. फोर्क उघडून आतला दांडा बदलावा लागतो किंवा काही मॉडेलमध्ये आतले स्पेसर काढावे-घालावे लागतात. एकदा ठरवून कायमचा बदल करायचा असेल तर हा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र सांगाडा ज्या कमाल ट्रॅव्हलसाठी बनला आहे, त्यापेक्षा लांब फोर्क बसवू नये. लांब फोर्क तरफेसारखा काम करतो आणि सांगाड्याच्या पुढच्या जोडावर जादा ताण आणतो. तो जोड उतारावर तुटला तर दात आणि हाडे पणाला लागतात, वॉरंटी दूरच राहिली.

पैसे खर्च करण्याआधी काय करून पाहता येईल?

चढावर पुढचे चाक भरकटत असेल तर आधी फुकटचे उपाय करावेत. सीट तिच्या रुळावर एक सेंटीमीटर पुढे सरकवावी. वर हिशेब केल्याप्रमाणे ३० मिमी फोर्क आखूड करून सीट सुमारे दीड सेंटीमीटर पुढे येते. त्यातला मोठा वाटा इथेच मिळतो. हँडलखालच्या कड्या, म्हणजे स्पेसर, काढून वर घातल्या की हँडल एक-दोन सेंटीमीटर खाली येते. मागचा शॉक हवेचा असेल तर त्यातील दाब तपासावा. तो कमी असल्याने सायकल मागे बसत असेल, तर दोष फोर्कचा नाहीच. हवेच्या सस्पेन्शनसाठी टायरचा साधा पंप चालत नाही, त्याचा वेगळा पंप असतो. स्वार नेहमीच्या सामानासह सायकलवर बसल्यावर ट्रेल सायकलचे सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या २० ते ३० टक्के दबावे, असा सर्वसाधारण निकष आहे.

एवढे करूनही चढ जड जात असेल आणि फोर्क सुस्थितीत, सुट्या भागांसह मिळत असेल, तर ट्रॅव्हल ॲडजस्ट जरूर घ्यावा. केवळ त्यासाठी चांगला साधा फोर्क काढून टाकू नये. आणि ज्याच्या सायकलवर तो आहे, त्याने एक सवय अंगी बाणवावी. माथ्यावर हेल्मेटचा पट्टा आवळताना डावा हात फोर्कच्या खटक्यावर गेलाच पाहिजे.